काचबिंदूचे थेंब आणि डोळ्यातले रक्त

काचबिंदूचे थेंब रुग्ण मध्येच सोडून देतात. विसर पडतो, बाटली संपते, महिन्याचा खर्च नकोसा होतो. ही कारणे डॉक्टरांना तोंडपाठ असतात. आणखी एका कारणाचा उच्चार मात्र दवाखान्यात क्वचितच होतो. थेंब सुरू केल्यापासून डोळे लाल दिसतात आणि ऑफिसात, लग्नकार्यात, बसमध्ये लोक विचारतात, ‘काय हो, झोप झाली नाही का?’ मुळात हा आजार दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीची कित्येक वर्षे नजरेतही फरक जाणवू देत नाही. अशा डोळ्यात औषध घातल्यावर तो आजारी दिसू लागला, तर औषधावरच संशय येणार.

गंमत अशी की याच आजाराचे दुसरे एक औषध डोळा पांढराशुभ्र करते. इतका, की त्याच रसायनाची आठपट सौम्य आवृत्ती अमेरिकेत २०१८ पासून निव्वळ डोळ्यांची लाली घालवण्यासाठी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. पहिले औषध रक्तवाहिन्या रुंदावते, दुसरे त्या आवळते आणि दोन्ही डोळ्याचा दाब उतरवतात. म्हणजे आरशात दिसणाऱ्या लालीवरून औषध डोळ्याचे भले करते आहे की बुरे, याचा काहीच पत्ता लागत नाही. पत्ता लावायचा तर डोळ्याच्या मागच्या बाजूला जावे लागते.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सतत एक स्वच्छ पाणी तयार होत असते. ते पाझरते रक्तातून, बुबुळाच्या मागे दडलेल्या एका वलयाकार भागातल्या केशवाहिन्यांतून. मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभराचे मिळून अर्धा चमचाभर. हे पाणी बाहुलीतून पुढे येते, बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून झिरपते आणि डोळ्याच्या पांढऱ्यावरून जाणाऱ्या छोट्या नीलांमध्ये जाऊन मिळते. रक्तातून निघाले, रक्तात परतले. त्या नीलांमधला दाब सुमारे ८ ते १० मिलिमीटर पारा असतो आणि पाण्याला त्याच्यावर मात करूनच बाहेर पडावे लागते. जाळी तुंबली की पाणी अडते आणि डोळ्यातला दाब चढतो. १० ते २१ हा सर्वसाधारण पट्टा मानतात.

दाब चढल्याने इजा होते ती पार मागे, जिथे दृष्टिपटलावरचे दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन नस बनून डोळ्याबाहेर पडतात त्या तबकडीपाशी. तंतू मरतात हे नक्की. ते कशाने मरतात, यावर जर्मन भाषक नेत्रवैद्यांचा वाद १८५८ साली सुरू झाला. हेल्महोल्ट्झने डोळ्यात डोकावण्याचे साधन काढून तेव्हा दशकही उलटले नव्हते. हाइन्रिश म्युलर म्हणाला, दाबाने तंतू थेट चिरडले जातात. एडुआर्ड येगर म्हणाला, रक्तपुरवठा बिघडतो म्हणून ते सुकतात. दीडशेहून अधिक वर्षांनंतर दोघांचेही थोडेथोडे बरोबर आहे असे मानण्याकडे कल आहे. औषधे मात्र म्युलरच्या बाजूने मोजली गेली. दाब किती उतरला, हाच निकष राहिला. त्याला कारणही आहे. दाब मिनिटभरात मोजता येतो. मागच्या तबकडीतून किती रक्त वाहते, हे आजही नेहमीच्या दवाखान्यात सरळ मोजता येत नाही.

आता थोडे गणित. पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आधीच हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबमध्ये आणखी हवा घालायची, तर पंपाचा जोर आतल्या दाबापेक्षा जास्त लागतो. डोळ्यात शिरणाऱ्या रक्ताचे तसेच आहे. शरीराचा सरासरी रक्तदाब घ्यायचा. बसलेल्या माणसाचा डोळा हृदयापेक्षा उंचावर असतो, म्हणून त्या रक्तदाबाचे दोन तृतीयांश धरायचे. त्यातून डोळ्याचा दाब वजा करायचा. उरतो तो रक्त आत ढकलणारा खरा जोर. बीपी १२०/८० असेल तर सरासरी ९३ येते, तिचे दोन तृतीयांश ६२. डोळ्याचा दाब २४ असेल तर उरले ३८. थेंबांनी तो १६ वर आणला तर उरले ४६. जोर एक पंचमांशाने वाढला. म्हणजे दाब उतरवणारा प्रत्येक थेंब, त्याने एकाही रक्तवाहिनीला हात लावला नाही तरी, रक्तपुरवठ्याचेच औषध ठरतो. म्युलर आणि येगर यांचे भांडण इथे बरेचसे मिटते.

पण या वजाबाकीत दोन संख्या आहेत. औषधाने वरची संख्याही उतरवली तर? तो मुद्दा पुढे येईलच. आधी लाली.

आज जगभर काचबिंदूत बहुतेक वेळा सर्वांत आधी लिहून दिले जाणारे औषध म्हणजे लॅटानोप्रोस्ट आणि त्याची भावंडे बायमाटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट. ही प्रोस्टाग्लँडिन कुळातली. हे कूळ शरीरात सूज, लाली, ताप यांसाठी कुप्रसिद्ध. डोळ्याला मार लागला की ही रसायने तिथे तयार होतात, रक्तवाहिन्या फुलतात. सशांच्या डोळ्यांवरच्या जुन्या प्रयोगांत त्यांनी दाब वाढवलेला दिसला होता. त्यामुळे काचबिंदूसाठी प्रोस्टाग्लँडिन वापरावे, असे कोणी म्हटले असते तर ते आगीत तेल ओतण्यासारखे वाटले असते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटो यांनी ते म्हटले. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर हंगेरीतून निसटून अमेरिकेत आलेला हा माणूस. सशाचा डोळा भलताच हळवा असतो आणि प्रयोगांतले डोस अवाच्या सवा होते, हे त्यांच्या लक्षात आले. मांजरे आणि माकडे यांच्या डोळ्यांत त्यांनी अगदी थोडे औषध घातले, तर दाब उतरला आणि उतरलेलाच राहिला.

तरी लाली होतीच. मूळ रसायन माणसाच्या डोळ्यात घातले की डोळा लालबुंद होई, चुरचुरे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या फार्मासिया कंपनीत योहान शेर्नशांट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूची शेपटी बदलून तिथे एक कडे बसवले. दाब उतरवण्याचा गुण टिकला, रक्तवाहिन्या फुलवण्याचा बराच कमी झाला. १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट अमेरिकेत मंजूर झाले. काचबिंदूतले हे मोठे यश एका अर्थी लाली कमी करण्याचे यश आहे, असे म्हणायला हरकत नाही. (बिटो पुढे निवृत्त होऊन हंगेरीत परतले आणि कादंबऱ्या लिहू लागले. रसायनशास्त्राचा असा शेवट फार थोड्यांच्या वाट्याला येतो.)

उरलेली लाली येते ती पांढऱ्यावरच्या पारदर्शक पडद्यातल्या वाहिन्या सैलावल्याने. तिच्यात जंतुसंसर्ग नसतो आणि आतल्या नसेला धोकाही नसतो. बायमाटोप्रोस्टने ती जास्त, लॅटानोप्रोस्टने कमी. बहुतेकांमध्ये पहिल्या काही दिवसांत ती सर्वाधिक असते आणि काही आठवड्यांत ओसरते. रात्री झोपताना थेंब घातला की सकाळपर्यंत तिचा जोर उतरलेला असतो. ओसरलीच नाही, तर दोष कधीकधी औषधाचा नसून बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइडचा असतो. परिरक्षक नसलेले थेंबही मिळतात. डॉक्टरांशी बोलून बदलता येण्यासारखी ही गोष्ट आहे. न सांगता बाटली कपाटात ठेवून देण्यासारखी नाही.

आता पांढऱ्या डोळ्याचे औषध. ब्रिमोनिडिन. लॅटानोप्रोस्टप्रमाणे हेही १९९६ मध्येच मंजूर झाले. हे एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहींना चिकटते, पाण्याची निर्मिती घटवते आणि जाता जाता पांढऱ्यावरच्या छोट्या वाहिन्या आवळते. गाल आणि नाक सतत लाल राहण्याच्या रोझेशिया नावाच्या त्वचारोगावर त्याचा जेलही २०१३ मध्ये आला. ज्या रेणूने डोळ्याचा दाब उतरतो त्यानेच गालाची लाली उतरावी, यात काही चमत्कार नाही. ग्राही दोन्हीकडे तेच.

मग साहजिक भीती वाटते: हे औषध पुढच्या वाहिन्या आवळते, तर मागच्याही आवळून नसेची उपासमार करत असेल का? बहुतेक मोजण्यांत नेहमीच्या डोसला दृष्टिपटलातला प्रवाह घटलेला दिसला नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावर पडलेले औषध मागे पोहोचेपर्यंत फारच थोडे उरते, हे एक कारण. दुसरे असे की दृष्टिपटलातल्या वाहिन्यांचा कारभार निराळा आहे. डोळ्याच्या आत शिरल्यावर त्यांना स्वायत्त मज्जासंस्थेचे तंतू मिळत नाहीत. भोवतालच्या पेशींना प्राणवायू कमी पडला, कार्बन डायऑक्साइड वाढला, दाब बदलला की त्या स्वतःच रुंद-अरुंद होतात. पुढच्या वाहिन्यांवर जे चालते ते मागे चालेलच असे नाही. म्हणून ब्रिमोनिडिनच्या पांढऱ्या डोळ्याने हुरळूनही जाऊ नये. काही महिन्यांनी काहींना याच औषधाची ॲलर्जी होते आणि डोळा पहिल्यापेक्षा लाल होतो, खाजतो, पापण्या सुजतात. दोन वर्षांखालच्या मुलांना तर ते देतच नाहीत. त्यांच्या मेंदूवर गुंगी आणि श्वास मंदावण्याचा परिणाम होतो.

वाहिन्या आवळण्याची हौस जुनीच. १९२० च्या दशकात ॲड्रिनॅलिनचे थेंब काचबिंदूत आले. डोळा तासाभरापुरता चुन्यासारखा पांढरा होई, मग उलट्या जोमाने लाल. वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांच्या पापण्यांच्या आत काळे डाग साचत. ते औषध मागे पडले हे बरेच झाले.

त्यामानाने नव्या एका गटात हा हिशेब पुन्हा उलटा आहे. जपानमध्ये २०१४ साली आलेले रिपासुडिल आणि अमेरिकेत २०१७ अखेर मंजूर झालेले नेटारसुडिल ही औषधे रो-कायनेज नावाचे विकर अडवतात. स्नायूपेशींना आखडून धरणारे हे विकर. ते अडले की पाणी गाळणारी जाळी सैल होते, तसेच रक्तवाहिन्यांच्या भिंतीही. म्हणजे इथली लाली औषधाच्या मूळ कामातूनच येते. नेटारसुडिलच्या चाचण्यांत साधारण निम्म्या रुग्णांना ती आली. काहींच्या पांढऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपकेही दिसले. ते भयंकर दिसतात आणि निरुपद्रवी असतात. रिपासुडिलची लाली थेंब घातल्यावर काही मिनिटांत चढते आणि तासा-दोन तासांत उतरते, इतकी वक्तशीर. या सैलावण्याचा एक फायदा जुन्या औषधांना सहसा साधला नव्हता. पाणी जिथे जाऊन मिळते त्या नीलांमधला दाबही नेटारसुडिल थोडा उतरवते. डोळ्याच्या दाबाला त्या ८-१० चा खालचा अडसर असतो, हे आठवले की याचे महत्त्व कळते.

मागच्या बाजूचा रक्तप्रवाह मुद्दाम वाढवणारे औषध आहे का? आशा सर्वाधिक धरली गेली ती डॉर्झोलामाइडकडून. कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर अडवणाऱ्या गटातले हे थेंब १९९५ च्या सुमारास आले. हे विकर अडले की ऊतींत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो वाहिन्या रुंदावतो. मेंदूच्या वाहिन्यांत किती ताकद शिल्लक आहे, हे तपासायला याच गटातले ॲसेटाझोलामाइड शिरेतून देतात, ते याच तत्त्वावर. कलर डॉप्लरने पाहिले तर डॉर्झोलामाइडच्या थेंबांनंतर डोळ्यामागच्या बारीक धमन्यांत रक्ताचा वेग वाढलेला अनेकदा आढळला. पण वेग म्हणजे प्रमाण नव्हे. अरुंद वाहिनीतही वेग वाढतो. आणि या वाढलेल्या वेगाने रुग्णाची दृष्टी दाब उतरण्यातून मिळणाऱ्या लाभापलीकडे अधिक टिकते, हे सिद्ध झालेले नाही. ‘डोळ्याचा रक्तपुरवठा सुधारणारे’ म्हणून कोणी थेंब किंवा गोळ्या खपवत असेल, तर इथपर्यंतच विश्वास ठेवावा.

ओसीटी-अँजिओग्राफी या नव्या तपासणीने डाय न टोचता तबकडीभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दिसते. काचबिंदूत ते विरळ झालेले असते, हेही स्पष्ट दिसते. पण वाहिन्या विरळ झाल्या म्हणून तंतू मेले की तंतू मेल्यावर रक्ताची गरजच उरली नाही म्हणून वाहिन्या मिटल्या, याचा उलगडा या चित्रातून होत नाही.

आता ती वजाबाकी. वरची संख्या, म्हणजे बीपी, उतरवू शकणारे थेंब भारतातल्या लाखो घरांत आहेत. टिमोलोल. १९७८ साली अमेरिकेत मंजूर झालेले, स्वस्त, भरवशाचे. हे बीटा-ब्लॉकर आहे, म्हणजे रक्तदाब आणि हृदयविकारासाठी ज्या गोळ्या देतात त्याच जातीचे. थेंबात औषध नगण्य असते, असे वाटते. पण एका थेंबात ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव असतो आणि डोळ्यात त्यातला थोडाच मावतो. उरलेला ओघळतो किंवा आतल्या कोपऱ्यातल्या अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. डॉर्झोलामाइड घातल्यावर घशात कडू चव येते ती याच वाटेने. नाकाच्या आतल्या त्वचेतून औषध सरळ रक्तात जाते. गिळलेल्या गोळीला यकृताची गाळणी पार करावी लागते, याला ती लागतच नाही. दम्याच्या रुग्णांना टिमोलोल का नको, हे इथे कळते. नाडी मंद होणे, चालताना धाप लागणे, रात्री रक्तदाब गरजेपेक्षा जास्त उतरणे या तक्रारीही इथूनच येतात.

रात्रीच्या या उतारावर ज्यांनी बोट ठेवले ते सोहन सिंग हयरेह. पंजाबात जन्मलेले, ब्रिटनमार्गे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गेलेले. दृष्टितंतूंच्या तबकडीला रक्त प्रामुख्याने कोणत्या धमन्यांकडून मिळते, हे त्यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिले. पुढे १९९४ मध्ये त्यांनी रुग्णांना चोवीस तास बीपी मोजणारे यंत्र बांधून पाहिले. दिवसा ठीक असलेला दाब झोपेत बराच खाली जातो आणि तेच तबकडीला धोक्याचे ठरू शकते, असे त्यांनी मांडले. १९९९ मध्ये त्यांनी बीटा-ब्लॉकर थेंब घालणाऱ्यांचाच अभ्यास केला. या रुग्णांचा रात्रीचा खालचा दाब जास्त घसरत होता, नाडीही जास्त मंदावत होती.

निरोगी माणसाचाही रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. त्याच वेळी आडवे झाल्याने डोळ्याचा दाब चढतो, कारण डोक्याकडच्या नीलांमधला दाब वाढतो. वजाबाकीतली वरची संख्या खाली, खालची संख्या वर. दिवसा थेंबांनी ८ मिलिमीटरची कमाई केली, असे वर पाहिले. त्याच सूत्राने सरासरी बीपी फक्त १२ ने घसरला की ती कमाई फुकट गेली. आडवे झाल्यावर डोळा हृदयाच्या पातळीला येतो, दोन तृतीयांशांची सवलत उरत नाही, तेव्हा याहूनही कमी घसरण पुरते. तरुण, धडधाकट वाहिन्या स्वतःला रुंदावून हे सांभाळून घेतात. काचबिंदूच्या बऱ्याच रुग्णांत ही क्षमता दुबळी झालेली असते, असे मानतात.

आणि टिमोलोल रात्री घालून मिळते काय? झोपेत डोळ्यातले पाणी तसेही दिवसाच्या निम्म्यावर आलेले असते. त्याहून ते कमी करणे टिमोलोलला जमत नाही, हे मेयो क्लिनिकमधल्या टॉपर आणि ब्रुबेकर यांनी १९८५ मध्येच मोजून दाखवले होते. लाभ जवळजवळ शून्य, जोखीम पुरी. म्हणून दिवसातून एकदाच टिमोलोल द्यायचे असेल, तर बरेच डॉक्टर ते सकाळी घालायला सांगतात. प्रोस्टाग्लँडिन रात्रंदिवस काम करते, बीपीला हात लावत नाही. त्याची वेळ रात्रीची असली तरी चालते. दोन बाटल्या मिळाल्या की सोयीसाठी दोन्ही झोपताना घालून टाकणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांनी टिमोलोलची वेळ सकाळी नेण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

टिमोलोलवर २०११ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली आणि नेत्रवैद्यांच्या बैठकांत तिच्यावरून बरीच गरमागरमी झाली. डोळ्याचा दाब मुळातच सर्वसाधारण पट्ट्यात असूनही काचबिंदू झालेले १७८ रुग्ण. काहींना ब्रिमोनिडिन, काहींना टिमोलोल. दोन्ही गटांत दाब सारखाच राहिला. पण पाठपुराव्याच्या काळात नजरेचा आवाका मोजणारी फील्ड टेस्ट बिघडली ती ब्रिमोनिडिनच्या ९.१ टक्के आणि टिमोलोलच्या ३९.२ टक्के रुग्णांची. दाबाच्या निकषाने जी औषधे सारखी होती, त्यांच्यात नजरेच्या निकषाने एवढा फरक. आक्षेप रास्त होते. ब्रिमोनिडिन गटातले बरेच जण ॲलर्जीने मध्येच गळाले. शिवाय औषध न घेणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे ब्रिमोनिडिनने नस वाचवली की टिमोलोलने बिघडवली, हे ठरेना. त्याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात मात्र एक दुवा मिळाला. बीपीच्या गोळ्या घेणारे आणि ज्यांच्या डोळ्यात रक्त ढकलणारा जोर मुळात कमी होता ते, यांची नजर जास्त बिघडली होती.

याचा अर्थ बीपीची गोळी बंद करा असा अजिबात नाही. पक्षाघाताने जाणारी नजरही नजरच असते. अडचण वेगळी आहे. बीपीची गोळी एक डॉक्टर देतात, थेंब दुसरे देतात, आणि दोघांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत असूनही एकमेकांना दिसत नाहीत. डोळ्याचा दाब १४-१५ वर छान स्थिर आहे आणि तरीही दर सहा महिन्यांनी फील्ड टेस्ट थोडी थोडी खालावते आहे, अशा रुग्णाला जाणता नेत्रतज्ज्ञ आणखी एक बाटली लिहून देण्याआधी विचारतो: बीपीची गोळी कोणती, आणि ती रात्री घेता की सकाळी? पहाटे उठल्यावर चक्कर येते का? हातपाय सारखे गार पडतात का? गरज वाटली तर चोवीस तासांचे बीपी यंत्र लावायला सांगतो. गोळीची वेळ बदलण्याचा निर्णय मग फिजिशियनने घ्यायचा.

औषध रक्तात कमी जावे यासाठी एक गोष्ट मात्र रुग्णाच्याच हातात आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून, नाकाशेजारचा कोपरा तर्जनीने दोन-तीन मिनिटे दाबून धरायचा. नाकात उतरणारी वाट तेवढ्याने बंद होते, रक्तात जाणारे औषध बरेच घटते आणि डोळ्यात राहणारे वाढते. दुसरा थेंब घालायचा असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची.